सम चुकू नये म्हणून

बाबू,

परवा रात्री साडेअकराला तुझा फोन आला. "मोठेबाबा, मी थाप आता मारतो अन् कानात मंग येते." मला तेवढं पुरलं. आजीची रोवण्याची गाणी ध्वनिमुद्रित करायची, मग हेडफोन लावून त्यावर तबला चढवायचा, हा तुझा बेत. डेस्कटॉप घेतलास, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस घेतलास, लिनक्सही टाकलंस. आता कोणीतरी सांगितलं की रिअलटाइम कर्नल टाक म्हणजे सगळं बरोबर होईल. टाक, पण तो शेवटी. आधी बाकीचं ऐक.

आवाज उशिरा येणं म्हणजे काय, हे मी संगणकावर शिकलो नाही. अर्जुनी मोरगावकडच्या एका मंडईच्या जत्रेत नाटक होतं. आहुजाचा ॲम्प्लिफायर माझ्याकडे, भोंगे लावायचं कामही माझं. मांडव लांबलचक, मागची माणसं ओरडायला लागली की ऐकू येत नाही, म्हणून एक भोंगा मी शंभर फुटांवर मागे बांधला आणि त्याचं तोंड चुकून रंगमंचाकडे राहिलं. गायक नवीन होता. पहिलं पद नीट गेलं, दुसऱ्यात लय वाढली आणि गडी तबला सोडून त्या भोंग्यातून येणाऱ्या स्वतःच्याच आवाजाच्या मागे धावायला लागला. तबलजीनं डोळे वटारले, पेटीवाला थांबला, लोक हसले. आवाज हवेतून एका सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर फूट म्हणजे तीस मीटर, म्हणजे त्याच्या कानावर त्याचाच सूर जवळजवळ ९० मिलिसेकंद उशिरा येत होता. हा हिशेब मला खूप वर्षांनी कळला. त्या रात्री मी फक्त भोंग्याचं तोंड फिरवलं.

तुझ्या हेडफोनमध्ये तोच भोंगा बांधलेला आहे.

आता माप लक्षात ठेव. एक मीटर हवा म्हणजे जवळजवळ तीन मिलिसेकंद. पेटीवाल्यापासून दहा फुटांवर बसलेला तबलजी नऊ मिलिसेकंदांच्या उशिरानंच वाजवत असतो आणि त्याला काही कळत नाही, कारण जन्मभर तो तसाच वाजवत आलेला आहे. म्हणून जाऊन-येऊन दहाच्या आत राहिलास तर तुझा हात तक्रार करणार नाही. चाळीस झाले तर करेल. मिनिटाला १२० मात्रांची लय धर. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, चौगुनीत दोन बोलांमधलं अंतर १२५. त्यात चाळीसचा उशीर म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश बोल घसरला. हात आपोआप मागे ओढला जातो आणि तुला वाटतं आपला रियाज कमी पडला.

आधी मोज. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल काढून त्याच्याच इनपुटला लाव आणि आवाजाची ने-आण करणाऱ्या जॅक या प्रोग्रामबरोबर मिळणारा आयओडिले नावाचा छोटा प्रोग्राम चालव. आवाज बाहेर जाऊन परत यायला किती वेळ लागला ते तो मिलिसेकंदात सांगतो. कागदावर तारीख घालून लिही. न मोजता दुरुस्ती करणारा मिस्त्री मी आयुष्यभर पाहिला आहे, तो बिघाड या खोलीतून त्या खोलीत हलवतो.

आणि मोजायच्याही आधी तुझ्या इंटरफेसच्या तोंडावरचं बटण बघ. बऱ्याच इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाची कळ किंवा गोल खुंटी असते. ती फिरवली की तुझा तबला संगणकात न शिरता थेट हेडफोनला जातो, उशीर जवळजवळ शून्य. आजीचं गाणं संगणकातून ऐकायचं आणि आपला तबला थेट, एवढंच काम असेल तर तुला कुठलाही वेगळा कर्नल लागत नाही. मी हे सांगितलं की पोरं हिरमुसतात, त्यांना काहीतरी टाकायचंच असतं. पण तू फोनवर म्हणालास की कीबोर्डवरून संगणकातला ऑर्गन वाजवायचा आहे, नाटकात असतो तसा. मग मात्र सुटका नाही. तो आवाज संगणकातच जन्मतो, त्याला थेट रस्ता नाही.

आता बफर. तू धानाच्या घरचा आहेस, तुला हे पुस्तकातून शिकवायला नको. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी वरच्या बांधीत येतं, ती भरली की धुऱ्याच्या खाचेतून खालच्या बांधीत उतरतं. बांधी मोठी असेल तर भरायला वेळ लागतो, खालच्याला पाणी उशिरा मिळतं, पण कालव्याची पाळी थोडी चुकली तरी काही बिघडत नाही. बांधी लहान असेल तर पाणी झटकन खाली पोचतं, पण पाळी जरा चुकली की जमीन उघडी. बफर म्हणजे ही बांधी. सेकंदाला ४८,००० नमुने घेत असशील आणि बफर १,०२४ चा ठेवलास तर एकेक बांधी भरायला २१.३ मिलिसेकंद. आत येताना एक, बाहेर जाताना एक, झाले बेचाळीस, वर यूएसबीचं आणि चिपचं थोडं. तुझी तक्रार नेमकी हीच आहे, कारण जॅकसारखंच आवाजाची ने-आण करणारं पाइपवायर मूळ मांडणीत १,०२४ वरच बसतं. २५६ केलंस तर ५.३. १२८ केलंस तर २.७. ६४ केलंस तर १.३. आकडा खाली आणणं एका मिनिटाचं काम आहे, सेटिंगमध्ये फोर्स-क्वांटम म्हणून सांगता येतं. खाली आणला की कट-कट-फट असा आवाज यायला लागतो. त्याला एक्सरन म्हणतात. बांधी उघडी पडली.

पुढचं सगळं काम पाणी वेळेवर यावं म्हणून आहे. ते भराभर यावं म्हणून नाही. हा फरक डोक्यात बसला नाही तर तू नवा प्रोसेसर आणशील आणि कट-कट तशीच राहील. तुझा संगणक पाच वर्षं जुना असला तरी ऑर्गनचे चार सूर काढायला त्याची ताकद दसपट पुरते. तो कमी पडतो तो ऐन वेळी दुसऱ्याच कामात अडकल्यामुळे.

कर्नल म्हणजे काय, हे गोंदियाच्या माणसाला सांगावं लागू नये. आपण राइस सिटीवाले, तूस काढल्यावर आत जो दाणा राहतो त्यालाही इंग्रजीत कर्नलच म्हणतात. फौजेतला तो वेगळा. लिनक्सचा हा दाणा ठरवतो की या क्षणी प्रोसेसर कोणाचा. साध्या कर्नलमध्ये काही कामं अशी आहेत की ती एकदा सुरू झाली की मधे थांबवता येत नाहीत. डिस्कनं हाक मारली, नेटवर्कनं हाक मारली, कोणीतरी आतलं कुलूप धरून बसलं, की ते संपेपर्यंत बाकीच्यांनी ताटकळायचं.

मंडईच्या नाटकाचं उद्घाटन आठव. पडदा दहाला उघडायचा असतो. उद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, सहउद्घाटक, पाच शाली, सात नारळ, आणि प्रत्येकाला दोन शब्द. माइक हातात आला की त्याच्याकडून काढून घेण्याची कोणाची हिंमत नाही. मेकअप करून बसलेला नट आत घामानं पुसला जातो. रिअलटाइम कर्नल म्हणजे असं गाव की जिथे नायकाचा प्रवेश आला की आमदारालाही वाक्याच्या मधे थांबवता येतं. त्यानं राग धरायचा नाही, प्रवेश झाला की उरलेलं वाक्य पुढे बोलायचं. असं गाव मी अजून पाहिलं नाही, कर्नल पाहिला आहे.

त्यात आणखी एक गंमत आहे. पेटीच्या खोलीची चावी एका पोऱ्याकडे आहे. पेटीवाला दाराशी उभा. पण पोऱ्याला मधल्याच चार माणसांनी चहाला पिटाळलं, आणि पोऱ्या सगळ्यात लहान, तो कोणाला नाही म्हणणार? म्हणजे सगळ्यात मोठ्या मानाचा माणूस मधल्या लोकांमुळे अडला. यावर या कर्नलचा तोडगा असा की चावी हातात असेपर्यंत पोऱ्याला पेटीवाल्याचाच मान, त्याला कोणी हलवायचं नाही. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान नेमक्या याच घोटाळ्यामुळे पुन्हा पुन्हा रीसेट होत होतं. पृथ्वीवरून हाच तोडगा चालू केला, आणि ते सुधारलं.

ही सगळी दुरुस्ती इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर वगैरे मंडळींनी २००४ च्या सुमारास सुरू केली. ती मूळ कर्नलमध्ये पूर्णपणे जायला वीस वर्षं लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात ग्लाइक्सनरनं ती सामील करून घेण्याचा शेवटचा अर्ज छापून, सोनेरी कागदात गुंडाळून लिनस टोरवाल्ड्सच्या हातात दिला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ही दुरुस्ती, म्हणजे प्रीएम्प्ट-आरटी, घरची झाली. त्याआधी आमच्यासारखे लोक ठिगळं उतरवून घ्यायचे, रात्रभर कर्नल बांधत बसायचे, पहाटे लाइन जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. ते दिवस गेले, म्हणून जुनी टिपणं वाचून ते करत बसू नको.

आता हाताची कामं. क्रम मोडू नको, कारण निम्मी माणसं तिसऱ्या पायरीवरच बरी होतात.

सगळ्यात आधी परवानगी. रिअलटाइम प्राधान्य मागायचा हक्क लिनक्स कोणालाही देत नाही. स्वतःला ऑडिओ गटात घाल. मग सिक्युरिटीच्या फोल्डरात लिमिट्सची जी जागा आहे तिथे ऑडिओ गटाच्या नावानं दोन ओळी: आरटीप्रायो ९५ आणि मेमलॉक अनलिमिटेड. दुसरी ओळ लोक विसरतात. तिच्यामुळे तुझ्या आवाजाची मेमरी डिस्कवर हाकलली जात नाही. काही वितरणांत जॅक टाकतानाच हे विचारतात, तिथे हो म्हण. मग लॉगआउट करून पुन्हा आत ये. हे न केल्यामुळे 'काहीच फरक पडला नाही' म्हणणारे मला किती भेटले सांगू.

दुसरं, प्रोसेसरला मंदावू देऊ नको. वीज वाचवायला तो वेग कमी करतो, आणि पुन्हा वेग धरायला त्याला क्षण लागतो. गव्हर्नर नावाची सेटिंग परफॉर्मन्सवर ठेव. ध्वनिमुद्रण झालं की परत खाली आण, बिल तुझे बाबा भरतात.

तिसरं, इंटरफेस मागच्या यूएसबीच्या खाचेत थेट लाव. हबमध्ये नाही, पुढच्या खाचेत नाही. त्याच कंट्रोलरवर कॅमेरा, बाहेरची डिस्क, पेन ड्राइव्ह असेल तर हलव. वायफाय बंद कर. वायफायचे ड्रायव्हर मधेच हाका मारणाऱ्या पाहुण्यांसारखे, काम काही नसलं तरी 'काय चाललंय' विचारून जातात. जॅक वापरत असशील तर यूएसबीच्या इंटरफेसला दोनाऐवजी तीन पिरियड, म्हणजे तीन बांध्या, दे, पुष्कळदा तेवढ्यानंच कट-कट थांबते.

चौथं, मधला मार्ग. आजकालच्या बहुतेक तयार कर्नलांना बूट करवणाऱ्या ग्रब या प्रोग्रामच्या ओळीत दोन शब्द देता येतात: प्रीएम्प्ट=फुल, आणि थ्रेडआयआरक्यूज. पहिल्यानं बरीचशी कामं मधे थांबवता येतात. दुसऱ्यानं उपकरणांच्या हाका रांगेत उभ्या राहतात, म्हणजे कोण पुढे कोण मागे हे ठरवता येतं. मग रुई नुनो कापेलाची आरटीआयआरक्यू नावाची स्क्रिप्ट बसवून यूएसबीच्या हाकेला वरचा मान दे. क्रम असा: सगळ्यात वर इंटरफेसची हाक, तिच्या खाली जॅक किंवा पाइपवायर, त्याच्या खाली तुझा आर्डर की काय तो ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम. उलटा लावलास तर पाणी सोडणारा झोपलेला आणि बांधीवाला फावडं घेऊन उभा.

इथवर येऊन १२८ वर तासभर कट-कट झाली नाही, तर थांब. खरंच थांब. मी तुझ्या वयाचा असतो तर थांबलो नसतो, म्हणून सांगतो.

कट-कट नाहीच थांबली, किंवा तुला ६४ वर जायचंच आहे, तर आरटी. डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे आणि आरटीचं वेगळं पॅकेज तयार मिळतं. त्याच्या नावाच्या शेवटी एएमडी६४ लिहिलेलं असतं, तुझा प्रोसेसर इंटेलचा म्हणून बिचकू नको, दोघांनाही तेच. जुना कर्नल काढू नको. ग्रबच्या यादीत दोन्ही राहू दे, रुसला तर परतीचा रस्ता हवा. ग्राफिक्स कार्डासाठी बाहेरचा बंद ड्रायव्हर वापरत असशील तर तो आरटीवर बसायला नकार देऊ शकतो. म्हणून मी ध्वनीच्या खोक्यात वेगळं कार्ड घालतच नाही, प्रोसेसरमधलं साधं ग्राफिक्स पुरतं. आजीचं गाणं बघायचं नसतं.

बूट झाल्यावर 'युनेम -ए' ही आज्ञा दे. उत्तरात प्रीएम्प्ट-आरटी हे अक्षरशः दिसलं पाहिजे. नुसता ६.१२ आकडा दिसला म्हणून खूश होऊ नको, तो गुण कर्नल बांधतानाच चालू करावा लागतो.

मग परीक्षा. आरटी-टेस्ट्सच्या पुडक्यात सायक्लिकटेस्ट आहे. तो एकच करतो: 'मला इतक्या वेळानं उठव' म्हणतो आणि खरंच कधी उठवलं ते मोजतो. सगळ्या कोअरवर, मेमरी लॉक करून, प्राधान्य ८० ठेवून चालव. पण रिकाम्या संगणकावर नाही. बाजूला मोठी फाइल कॉपी कर, व्हिडिओ लाव, खिडक्या इकडून तिकडे ओढ. रिकाम्या मांडवात सगळेच भोंगे चांगले वाजतात. सरासरीकडे बघू नको, सगळ्यात वाईट आकडा बघ, तो मायक्रोसेकंदात असतो. ६४ च्या बफरला तुझ्याकडे १,३३३ मायक्रोसेकंद असतात. वाईटात वाईट शंभराच्या आत असेल तर सुखानं झोप. चार आकडी दिसला तर दोष बहुधा कर्नलच्याही खाली आहे: मदरबोर्डचं बायोस अधूनमधून प्रोसेसर स्वतःच उचलून नेतं आणि कर्नलला ते कळतसुद्धा नाही. बायोस नवं घाल, त्यातल्या वीजबचतीच्या कळा बंद कर, त्यानंही भागलं नाही तर मदरबोर्डच बदलावा लागतो.

एक भीती काढून टाकतो. रिअलटाइमचा मान मिळालेला प्रोग्राम बिघडला आणि प्रोसेसर सोडेचना, तर संगणक गोठेल का? मूळ मांडणीत कर्नल अशा कामांना मिळून प्रत्येक सेकंदातले ९५० मिलिसेकंदच देतो, उरलेले ५० बाकीच्यांना. तेवढ्यात तू त्याला मारू शकतोस. हे कुंपण काढायला सांगणारे सल्ले मिळतील. राहू दे कुंपण.

आणि हे गृहीत धर की आरटीवर फाइली जरा हळू कॉपी होतील, मोठी कामं थोडी रेंगाळतील. पोती मोजायची तर मिलवाला मधे उठत नाही. सारखं उठून दार उघडायचं तर पोती कमी मोजली जातात. रोजच्या कामाला साधा कर्नल, ध्वनिमुद्रणाला आरटी, असे दोन ठेवलेस तर भांडण नाही.

आता जे कुठल्याच टिपणात नसतं, ते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग पाडतो, मग तुझा आरटी असो की आणखी काही. दुपारी दोनला कट-कट आणि पहाटे पाचला काही नाही, असं झालं की समज. पंखे आणि आतल्या पत्र्याच्या पाकळ्या दर दोन महिन्यांनी साफ कर. राइस मिलच्या बाजूला राहणाऱ्यांनी महिन्याला. कोंड्याची ती बारीक धूळ ओल धरते आणि लेपासारखी बसते.

घूंऽऽ असा आवाज येत असेल तर त्याचा कर्नलशी काही संबंध नाही, ते बहुधा अर्थिंग आहे. घरामागच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून किती वर्षं झाली ते बाबांना विचार, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओत. संगणक, इंटरफेस, स्पीकर एकाच बोर्डावर लाव. स्वस्तातल्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर ध्वनिमुद्रण करू नको, तो आपला स्वतःचा सूर मिसळतो. रोवण्याच्या दिवसांत संध्याकाळी सगळ्यांचे पंप चालू असताना व्होल्टेज कसं नाचतं ते तुला माहीत आहे. आजीला पहाटे उठायची सवय आहेच, तेव्हाच बसव.

ठरलेल्या दिवसाच्या आधी आठवडाभर संगणकात काहीही अपडेट करायचं नाही. आदल्या रात्री तर हातच लावायचा नाही. आणि आजीसमोर 'एक मिनिट थांब, सेटिंग करतो' हे वाक्य दोनदा बोललास तर तिसऱ्यांदा ती गाणार नाही. ती म्हणेल, "राहू दे जी, मंग सांगतो." मी तिला साठ वर्षं ओळखतो. म्हणून तिचं गाणं ध्वनिमुद्रित करताना बफर सरळ १,०२४ ठेव. तिला हेडफोन लावायचाच नाही, तिला उशिराशी काय देणंघेणं? समोर एखादी बाई बसव, दुसरी ओळ उचलायला. एकटीला ती गाणी येत नाहीत, चिखलात रांगेनं वाकूनच ती म्हणायची असतात. तबला आणि ऑर्गन चढवायच्या दिवशी आकडा खाली आण.

पुढच्या शनिवारी मी येतोच आहे. त्याआधी गोंदियाला गेलास की दोन्ही टोकांना पाव इंची पिन असलेली केबल घेऊन ठेव, मोजणीसाठी. माझी होती ती उंदरानं कुरतडली.

तुझा,
मोठेबाबा